गाठी पुढे, पैसा मागे

गिरणाकाठच्या भडगाव परिसरात कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्याला पैसे हातोहात हवे असतात. सरकी वेगळी होते, रुईच्या सुमारे 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि ट्रक दूरच्या सूतगिरणीकडे निघतो. 2018 पासून त्याच्याबरोबर ई-वे बिल असते. मालाची किंमत, गाडीचा नंबर, दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत, सारे संगणकात! पैसे थकले, तर मात्र जिनिंगवाल्याला फोनच करीत बसावे लागते.

तसे पाहिले तर 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते व्हायला हवे. बिलावर आधीच रक्कम मिळवून देणारी 'ट्रेड्स' ही इलेक्ट्रॉनिक सोयही 2017 पासून आहे. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे 2025 पासून नोंदणी सक्तीची आहे. पण खासगी खरेदीदाराला बिल मान्य करण्याची सक्ती नाही. आणि त्याने मान्य केल्याशिवाय तिथे पैसा हलत नाही. तक्रार करावी, तर पुढच्या हंगामात गाठी घालायच्या त्याच गिरणीला.