बिनउपशाचा टब



आज जरा भांडायचं आहे. आणि तेही कशावरून, तर हॉट टबच्या पंपावरून! गावाकडच्या वाचकांनी हसू नये. हॉट टब म्हणजे परसात ठेवलेलं, चार-सहा माणसं बसतील एवढं मोठं घंगाळ समजा. त्यात हजार-दीड हजार लिटर पाणी भरतात, ते सतत गरम राहतं आणि दोन-तीन महिने तेच वापरतात. (हो, तेच. रोज उपसून टाकत नाहीत.) माझी लेक अमेरिकेत मिनेसोटात असते, तिच्या परसात असा एक टब आहे. नात्यागोत्यातल्या आणखी दोन-तीन घरीही आहेत. आणि या सगळ्या घरांत सध्या एकच सल्ला फिरतो आहे : "टबात कोणी बसत नाही ना? मग पंप कशाला चालवायचा? मेन स्विच बंद करा, वीज वाचवा."

हा सल्ला चुकीचा आहे. नुसता चुकीचा असता तर मी गप्प बसले असते. तो धोक्याचा आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. टबात पाणी असेल तर पंप रोज फिरला पाहिजे. फिरवायचा नसेल तर टब रिकामा केला पाहिजे. मधला मार्ग नाही.

सल्ला देणारे आमचे भाचे इंजिनिअर आहेत. ते म्हणतील, मावशीने जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, तिला पंपातलं काय कळतं? ठीक आहे. पण मावशीला वाचता येतं आणि पाचवीचं गणितही येतं. या वादाला तेवढं पुरतं.

आधी पंप काय करतो ते बघू. टबाच्या पाण्याखाली जाळी असते, तिथून पाणी गाळणीतून आत ओढलं जातं, पंपातून जातं, हीटरच्या नळीतून जातं आणि परत टबात येतं. बस, एवढंच. पण या एवढ्याशा फेरीवर तीन कामं अवलंबून आहेत. पाणी गाळलं जातं, पाणी तापतं आणि क्लोरीन किंवा ब्रोमीन सगळीकडे पोचतं. पाणी वाहत नसेल तर हीटर चालूच होत नाही. तशी सोयच केलेली असते, नाहीतर नळीतलं तेवढंच पाणी उकळून हीटर जळेल. म्हणजे पंप हे टबाचं हृदय आहे. ("आपण झोपलो, हृदयाला काय काम?" असं म्हणून पाहा बरं!)

आता तो किती वेळ चालतो? इथे दोन पद्धती आहेत, आणि लोकांचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. काही टबांत फिरवण्यासाठी वेगळा छोटा पंप असतो. तो जवळजवळ चोवीस तास चालतो, पण वीज अगदी थोडी खातो. दुसऱ्या प्रकारात एकच पंप दोन वेगांचा असतो. अंगावर जोरात फवारे हवे असले की मोठा वेग, आणि पाणी नुसतं फिरवायचं असलं की छोटा. हा पंप दिवसातून ठरल्या वेळी, बहुधा दोनदा, काही तास आपोआप चालतो. शेजाऱ्याचा टब दिवसभर घुरघुरतो आणि आपला सहाच तास चालतो, म्हणून दोघांपैकी एकाचा बिघडला असं नव्हे.

आता गणित. छोटा पंप ८० वॅटचा धरा. चोवीस तासांत १.९२ युनिट. दोन वेगांचा पंप छोट्या वेगावर ३०० वॅट खातो असं धरा, सहा तासांत १.८ युनिट. बघा, दोघांचं माप जवळजवळ सारखंच! आता पाणी तापवायला काय लागतं? एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापवायला एक किलोकॅलरी, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. टबात १३०० लिटर पाणी असेल तर ते एक अंशाने तापवायला दीड युनिट. म्हणजे पंपाची पुऱ्या दिवसाची वीज टब जेमतेम सव्वा अंश तापवायला लागते तेवढी आहे. मेन स्विच बंद केला की बिल कमी येतं हे खरं, पण ते पंपामुळे नव्हे, तापवणं थांबल्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

भाचेबुवांचा दुसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, पंप मिनिटाला ४० लिटर पाणी ओढतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात सगळा टब गाळून निघतो. मग तासन्‌तास कशाला? हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. गाळलेलं पाणी वेगळ्या बादलीत जात नाही, ते त्याच टबात न गाळलेल्या पाण्यात मिसळतं. ताकाच्या भांड्यात एका बाजूने स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच बाहेर जाऊ द्या. भांडंभर पाणी ओतून झालं तरी आतलं पाणी पांढुरकंच राहतं. टबातही तसंच. गाळणीने सगळी घाण अडवली असं धरलं तरी एका फेरीनंतर सुमारे ३७ टक्के घाण उरते, दुसरीनंतर १४, तिसरीनंतर ५. आणि तोवर नवी घाण येतच असते. म्हणून फेऱ्या अनेक लागतात आणि रोज लागतात.

"पण कोणी बसलंच नाही तर घाण येईल कुठून?" आता खऱ्या मुद्द्यावर येऊ.

१९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेले कितीतरी लोक न्यूमोनियासारख्या आजाराने पडले, काही दगावले. पुढे जंतू सापडला, त्याचं नाव लीजनेला. हा कोमट, साचलेल्या पाण्यात पोसला जातो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन होतं. तिथे बुडबुड्यांचे टब मांडले होते, विक्रीचा नमुना म्हणून. त्यातून हाच जंतू पसरला आणि किमान ३२ माणसं मेली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या जत्रेत पुन्हा तोच प्रकार. तपासात बोट मांडून ठेवलेल्या हॉट टबांकडेच गेलं. सव्वाशेहून अधिक आजारी, चार मृत्यू.

या दोन्ही ठिकाणी टब नुसते दाखवायला ठेवले होते. लोक फुलं बघायला, जत्रा फिरायला आले होते आणि टबांच्या शेजारून चालत गेले, इतकंच. "कोणी बसत नाही" हा बचाव तिथेही होता! तिथे पाणी हलत होतं हे मला मान्य आहे. नुसत्या हलण्याने जंतू मरत नाहीत, औषध लागतंच. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते की टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं, म्हणजे दहा लाख भागांत तीन भाग. गरम पाण्यात ते लवकर उडून जातं. आणि पंप बंद ठेवून वरून टाकलं, तर ते आतल्या नळ्यांत पोचणार कसं? त्या अंधाऱ्या नळ्यांतच शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि जंतू तिथेच घर करतात. मग तीन आठवड्यांनी पाहुणे येतात, कोणीतरी हौसेने फवारे सुरू करतो, आणि वाफेत तोंड घालून बसतं कोण? गुडघे दुखतात म्हणून मुद्दाम बसवलेली सत्तरीतली आई किंवा सासू. हा आजार पन्नाशीपुढच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि छाती नाजूक असलेल्यांना जास्त गाठतो. वीज वाचली दोन युनिट, जोखीम मात्र घेतली म्हाताऱ्या फुप्फुसांवर.

मिनेसोटासारख्या ठिकाणी आणखी एक भानगड. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. टबातलं यंत्र पारा फार उतरला की पंप आपणहून चालू करतं. पण मेन स्विचच बंद असेल तर ते बिचारं काय करणार?

नुसती टीका करून मी थांबत नाही, सवयच आहे तशी. काटकसर जरूर करावी. आम्ही बंबात ढलप्या मोजून घातल्या आहेत. पण कुठे करायची ते बघा. झाकण जाड आणि घट्ट बसणारं ठेवा, कारण उष्णता सगळ्यात जास्त वरूनच जाते. टब वापरात नसेल तेव्हा तापमान उतरवा. गाळणी धुवत जा, तुंबलेल्या गाळणीतून पंप नुसता धापा टाकतो. पंपाचे तास कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवा आणि पाणी तपासून औषध घाला. आणि महिनाभर भारतात यायचं असेल, शेजारी बघणारं कोणी नसेल, तर सरळ टब उपसा, नळ्यांतलंही पाणी काढा, कोरडा करा. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे ज्या विहिरीला उपसा नाही तिचं पाणी पीत नसत. त्यासाठी कोणाला इंजिनिअर व्हावं लागत नव्हतं. सातासमुद्रापार गेलं म्हणून पाण्याचा स्वभाव बदलत नाही, भाचेबुवा!

असो. राग मानू नका, पण पंप चालू करा. आणि इतके दिवस बंद असेल तर थेट त्यात बसू नका. आधी सगळं पाणी काढून, नळ्या आणि टब साफ करून, नवीन पाणी भरा. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, मी वाट बघते आहे.