मामाजींचा स्कॅन

मैत्रिणींनो, रात्री घरात कोण कितीदा उठतं, हे बाईच्या कानाला आधी कळतं. आमचे मामाजी चार-पाच वेळा उठायचे. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, “वय झालं, दुसरं काय!” मलाही ऐकू येत होतं, पण सासऱ्यांना असलं विचारायचं कसं? त्या संकोचात वर्ष गेलं. पुढे कंबर धरली. तेल झालं, शेक झाला. अखेर आसगावाहून नागपूर गाठलं.

रक्तातली पीएसए तपासणी वाढलेली निघाली. तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही बरं का. प्रोस्टेट ग्रंथी नुसती वाढली, सुजली तरी हा आकडा चढतो. तुकड्याच्या तपासणीत मात्र कॅन्सर ठरला. मग डॉक्टर म्हणाले, “कुठवर पसरलाय ते पाहू. पीएसएमए पेट स्कॅन करा.” शिरेतून किरणोत्सर्गी औषध देणार, हे ऐकून सासूबाई रडू लागल्या. मलाही धडकी भरली. डॉक्टरांनी समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

शेतातून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात ना? प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन खूप असतं, आणि हे औषध कुसळासारखं त्यालाच जाऊन चिकटतं. त्याच्या शेपटीला गॅलियम-६८ चा जणू काजवा बांधलेला असतो. औषध चिकटलं तिथे काजवा चमकतो, आणि यंत्राला ठिपका दिसतो. लाळेच्या ग्रंथी आणि मूत्रपिंडं एरवीही चमकतात, म्हणून चित्र पाहून आपणच घाबरू नये.

हा काजवा अल्पायुषी. दर ६८ मिनिटांनी त्याची शक्ती निम्मी होते. बारा तासांत जवळजवळ काही उरत नाही. त्यामुळे तो साठवता येत नाही. केंद्रात एका छोट्या यंत्रातून गाईची धार काढावी तसा तो लागेल तेव्हा काढतात. म्हणून दिलेली वेळ चुकवू नका.

पूर्वी यासाठी हाडांचा स्कॅन आणि सीटी करत, आजही करतात. पण २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या तीनशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात नव्या स्कॅनची अचूकता ९२ टक्के, तर जुन्या पद्धतीची ६५ टक्के आढळली. आपल्या देशात मुंबईच्या परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातलं पहिलं पेट यंत्र तिथेच २००२ साली सुरू झालं. अणू म्हटलं की आपल्याला बॉम्बच आठवतो. हे कामही त्याचंच.

आता घरच्या तयारीचं. जुने कागद आणि चालू औषधांची यादी एकाच पिशवीत ठेवा. साखरेच्या औषधाने होणाऱ्या दुसऱ्या पेट स्कॅनला उपाशी जावं लागतं. याला बहुधा नाही, तरी केंद्राला विचारूनच ठरवा. पाणी भरपूर प्यायला द्या. स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायला सांगा. नंतर त्या दिवशी बसून लघवी करावी, भरपूर पाणी ओतावं, हात साबणाने धुवावेत. सोबत गरोदर बाई नको. माझी जाऊ दिवसांत होती, ती घरीच राहिली. नातीला त्या रात्री आजोबांच्या मांडीवर बसू दिलं नाही. ती रुसली, पण दुसऱ्या सकाळी दोघं पुन्हा अंगणात.

मामाजींच्या कमरेच्या हाडांत दोन ठिपके निघाले. गाठ काढायचं ऑपरेशन रद्द झालं. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. कंबर आता बरीच हलकी आहे, बांधापर्यंत चालत जातात. पण ते वर्ष माझ्या मनातून जात नाही. आधी गेलो असतो तर ठिपके नसते, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. नसते कदाचित, एवढंच.

म्हणून सांगते, वारंवार उठणं, धार अडखळणं, लघवीत रक्त दिसणं, कंबर न थांबता दुखणं, यातलं काही पन्नाशी ओलांडलेल्या घरच्या माणसात दिसलं तर गप्प राहू नका. सासऱ्यांना विचारायला लाज वाटली तर नवऱ्याला पुढे करा. आणि नवऱ्याचंच असेल, तर आज रात्रीच विचारा.