किनाऱ्यावरचे डांबर आणि आजोबांचे तळपाय

समुद्र आपल्या शहरापासून घाटापलीकडे, दिवसभराच्या प्रवासावर आहे. तरीही या वेळी तेलगळतीविषयी लिहीत आहे, त्यास कारण माझे एक सत्तरी ओलांडलेले रुग्ण. पावसाळ्याच्या तोंडावर ते नातवंडांसह अलिबागला जाऊन आले. वाळूत अनवाणी फिरताना तळपायांना काळे, चिकट डांबर लागले. मुक्कामी कोणीतरी रॉकेल दिले आणि त्यांनी ते कापडाने खसाखसा चोळले. मधुमेह पंधरा वर्षांचा, तळपाय बधिर. कातडे सोलवटल्याचे त्यांना कळलेच नाही. चौथ्या दिवशी सूनबाईंना मोज्यावर डाग दिसला, तेव्हा जखम चिघळलेली होती. ती भरून यायला दोन महिने लागले.

हे डांबर येते कोठून? जहाजांतून सांडलेले किंवा सोडून दिलेले तेल समुद्रावर तरंगते, त्यातील हलका भाग उडून जातो आणि उरलेल्या जड भागाच्या गोळ्या होतात. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की त्या गोवा, कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात. त्यासाठी मोठा अपघात घडावाच लागतो असे नाही.

मोठा अपघात मात्र आपण पाहिलेला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेले, कीटकनाशकांचे काही कंटेनरही पाण्यात पडले. उरण-अलिबागकडील किनारे आणि तिवरांची वने काळवंडली. नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर होती. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या ज्या दिवसांत पाण्यात उतरायच्या, नेमक्या त्याच दिवसांत लोक मासळी घेईनासे झाले. ओहोटीला कालवे, शिंपल्या वेचून विकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचा विचार माझ्या मनात येतो. हातातला पैसा आटला की वयस्कर माणूस प्रथम स्वतःची रक्तदाबाची गोळी बंद करतो, हे मी इथेही दुष्काळाच्या वर्षांत पाहिले आहे.

स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर २००२ साली ‘प्रेस्टीज’ हे तेलवाहू जहाज बुडाले. तेथे सफाईला उतरलेल्या कोळ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी वर्ष-दोन वर्षांनंतरही अधिक आढळल्या. म्हणून ताज्या तवंगाचा उग्र वास येत असेल तेथे दमेकरी आणि हृदयरोगी यांनी थांबूच नये. डोके दुखणे, मळमळ, घशाची जळजळ ही निघण्याची खूण समजावी. धाप लागली तर मात्र थेट डॉक्टरांकडे न्यावे.

मग मासे खावेत का, असे आपण विचाराल. आपल्याकडचे रोहू-कटला बहुधा नाथसागराचे किंवा तळ्यांतले. त्यांचा समुद्रातल्या तेलाशी संबंध नाही. सागरी माशांचे यकृत तेलातील घातक द्रव्यांचे बऱ्याच अंशी विघटन करते. कालवे आणि शिंपल्या यांना ते फारसे साधत नाही, ती द्रव्ये त्यांच्यात अधिक काळ साठून राहतात. म्हणून गळतीची बातमी असेल तेथील शिंपल्या घेऊ नयेत, आणि रॉकेलसारखा वास येणारा कोणताही मासा टाकून द्यावा. मसाल्याने वास झाकला जाईल, पण शिजवल्याने विष जात नाही. एरवी वृद्धांच्या ताटातून मासे काढून टाकण्याचा उत्साह कृपया दाखवू नका. मऊ, पचायला सोपी प्रथिने त्यांना सहजासहजी मिळत नाहीत.

अंगाला डांबर लागल्यास खोबरेल किंवा खाण्याचे तेल चोळून ते हलके सैल करावे, मऊ कापडाने टिपावे आणि साबण-पाण्याने धुवावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नये. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. लहान मुलाने रॉकेल किंवा तेल गिळले तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसांत उतरते. तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या त्या गृहस्थांना दिवाळीनंतर पुन्हा कोकणात जायचे आहे. जरूर जा, असे मी सांगितले आहे. पायांत बंद पादत्राणे, पिशवीत खोबरेलाची बाटली, आणि रोज रात्री दिव्याखाली त्यांचे तळपाय पाहण्याचे काम सूनबाईंकडे.