याला जुगाड म्हणू नका

आपल्या कॉलेजात सध्या एक शब्द फार लाडका झालाय. जुगाड. टेकफेस्टच्या पोस्टरवर जुगाड, गेस्ट लेक्चरमध्ये जुगाड, हॉस्टेलवर इस्त्री उलटी करून केलेली मॅगी हाही जुगाडच. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. मॅगीबद्दल तर मुळीच नाही. पण मागच्या सेमिस्टरला एका सेमिनारमध्ये स्लाइडवर ट्रकच्या उघड्या इंजिनाचा फोटो आला, बाजूला ऑइलने माखलेला मिस्त्री, आणि वर लिहिलेलं 'इंडियन जुगाड'. सगळे हसले. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते सांगण्यासाठी हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मी संपादक मंडळाच्या हवाली केलं आहे.)

माझं म्हणणं सरळ आहे. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं डिझेल इंजिन नीट बांधणं हा जुगाड नाही. ते जुगाडाच्या बरोबर उलट काम आहे. जुगाड म्हणजे माप न घेता भागवणं, आणि इंजिन मापाशिवाय बांधताच येत नाही. माप न घेता भागवणं म्हणजे काय हे बघायचंच असेल, तर सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये चक्कर मारा. सीनियरच्या जर्नलमधली रीडिंग्ज शेवटचा आकडा बदलून आपल्या जर्नलमध्ये कशी उतरतात ते दिसेल.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात. काकांचा एक टाटाचा ट्रक आहे, १९९८ चा. हंगामात ऊस, एरवी खत, विटा, मिळेल ते भाडं. त्यात '६९७' इंजिन. हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आले, अर्थ मात्र इंजिन उघडल्यावर कळला. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ४०७ टेम्पोतलं '४९७' म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. काकांच्या इंजिनाचा स्ट्रोक १२८ मि.मी., एकूण ५६७५ सीसी. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं. ही मापं मर्सिडीजच्या १९६४ च्या ओएम ३५२ या इंजिनाची आहेत. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या नाकावरचा तारा गेला, पण खानदान राहिलं.

तर गेल्या उन्हाळ्यात या खानदानी इंजिनाची अवस्था अशी होती: चढाला निळा धूर, ब्रीदरमधून भपकारे (याला मिस्त्री लोक 'बॅक मारतंय' म्हणतात), ऑइलचा डबा कायम केबिनमध्ये, आणि इंजिन गरम झालं की प्रेशरचा काटा खाली. नव्या ट्रकचे हप्ते एका गाडीच्या धंद्यावर फेडणं काकांना जमणारं नव्हतं. त्यात ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देऊन झालेली. म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी उभी राहिली नाही, तर भाडंही गेलं आणि उचलही अडकली. घरात त्या दिवसांत जेवताना कोणी फारसं बोलत नसे.

मिस्त्री आले, चेनपुलीने इंजिन उतरवलं, शेडमध्ये ओंडक्यांवर ठेवलं. पहिला दिवस नुसता खोलण्यात आणि धुण्यात गेला. पण खोलण्याची शिस्त बघण्यासारखी होती. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचले. प्रत्येक कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या कॅपवर पंचने एकच नंबर ठोकला. कारण रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र जोडून बोअर केलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्याला गेली की भोकाची गोलाई गेली. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तसंच. मिस्त्री सातवी शिकलेले आहेत आणि 'ॲसेंब्ली' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

आता जुगाडाचा क्षण. तो आला होता, आणि तो मिस्त्रींकडून नाही, आमच्याकडून आला. काका म्हणाले, नुसत्या रिंगा टाकू या, एवढा हंगाम निघू दे. पैशाचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेला बोअर गेज लाकडी पेटीतून काढला आणि सहाही सिलिंडर मापायला घेतले. वर, मध्ये, खाली. एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा आडवं. आकडे वहीत मी लिहीत होते. दोन नंबरच्या सिलिंडरला वर ९७.३१, खाली ९७.०४. झीज नेहमी वरच्या रिंगच्या थांब्याजवळ जास्त असते. तिथे दाब आणि ताप सगळ्यात जास्त, ऑइलचा थर सगळ्यात पातळ, आणि रिंग तिथे क्षणभर थांबून उलटी फिरते.

फरक ०.२७ मि.मी. एवढासाच वाटतो ना? पण व्यास ०.२७ ने बदलला की घेर त्याच्या ३.१४ पट बदलतो, म्हणजे साधारण ०.८५ मि.मी. नवी रिंग प्रत्येक स्ट्रोकला तेवढी उघडणार आणि मिटणार. दोन हजार आरपीएमला मिनिटाला चार हजार वेळा. शिवाय जुन्या रिंगने वरती सोडलेल्या कडेला नवी रिंग थडकणार ती वेगळीच. मी हे गणित वहीत मांडत होते तोवर मिस्त्रींचं उत्तर देऊन झालं होतं: "रिंगा टाकतो की. धूर पंधरा दिस थांबंल. मग ऊस भरून चढाला हुबा ऱ्हायलास की मला फोन करू नगंस." काकांनी वहीतले आकडे दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक टेम्पोत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात नेला.

घरच्या शेडमध्ये सगळं होत नाही, आणि चांगल्या मिस्त्रीला आपली हद्द माहीत असते. उद्यमनगरात लायनर बदलून बोअर पुन्हा ९७ वर आणला, होनिंग केलं. (होनिंगच्या त्या तिरक्या जाळीदार रेघा दिसायला छान असतात, पण त्या शोभेला नसतात, ऑइल धरून ठेवायला असतात.) क्रँकचे जर्नल लंबगोल झाले होते, ते दहा थाऊला ग्राइंड केले, म्हणजे पाव मिलिमीटर. पंप टेस्ट बेंचवाल्याकडे गेला. बाकी सगळं परत शेडमध्ये.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिस्त्री थाऊत बोलतात, मी मिलिमीटरमध्ये, आणि आमचं जमलं. भाषेची गंमत अशी की मराठी पुस्तकातला 'दट्ट्या' त्यांनाही ठाऊक नव्हता आणि मलाही नव्हता. पण क्लिअरन्सला ते 'खेळ' म्हणतात, हा शब्द मला फार आवडला. बेअरिंगला खेळ किती हवा? जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतका. जास्त झाला तर ऑइल निसटतं आणि काटा पडतो, कमी झाला तर थरच बनत नाही. मशीन डिझाइनला आपण सोमरफेल्ड नंबर पाठ करतो तो हाच खेळ. माझ्या डोक्यात तो मिस्त्रींनी क्रँक हाताने फिरवून दाखवला तेव्हा शिरला. सगळे बोल्ट आवळूनही क्रँक सारखा, न अडखळता फिरला पाहिजे. एक कॅप आवळायची, फिरवून बघायचं, मग दुसरी.

तसंच रिंगच्या गॅपचं. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी रिकाम्या लायनरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ करून, टोकांमधली फट फिलर गेजने मोजतात. अठरा रिंगा असल्या तर अठरा वेळा. रिंगचा घेर ३०५ मि.मी.च्या आसपास, लायनरपेक्षा ती १०० अंशांनी जास्त तापली तर साधारण ०.३३ मि.मी. वाढते. तेवढी जागा नसेल तर टोकं एकमेकांना भिडणार आणि रिंग लायनर ओरबाडणार. मिस्त्रींना हे सूत्र माहीत नाही. आकडा माहीत आहे, आणि अठरावी रिंगही ते मोजतात. सूत्र माहीत असलेल्यांपैकी किती जण अठरावी रिंग मोजतील?

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टॅपेट एकला लावायचे तेव्हा सहाचे व्हॉल्व्ह डोलताना बघायचे, पाचला दोनचे, तीनला चारचे. आणि पंपाचं टायमिंग! पहिल्या एलिमेंटवर वाकडी नळी लावतात, हातपंपाने डिझेल वाहतं ठेवतात आणि इंजिन तसूतसू फिरवतात. धार बारीक होत थेंबांवर येते, थेंब थांबतो, आणि त्या क्षणी खूण काट्यासमोर असावी लागते. ना लॅपटॉप, ना सेन्सर. तरी याहून स्वच्छ प्रयोग मी आपल्या लॅबमध्ये पाहिलेला नाही.

चालू करायच्या आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारला, काटा वर येईपर्यंत. मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन पेटलं, थोडा पांढरा धूर टाकला आणि लागलं चालायला. काकूने नारळ आधीच आणून ठेवला होता. हंगाम व्यवस्थित निघाला.

सगळे मिस्त्री असे असतात असं मी म्हणत नाही. सैल बेअरिंगच्या मागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून काटा वर आणणारेही आहेत. त्याला जरूर जुगाड म्हणा, आणखी वाईट शब्द असेल तर तोही वापरा. माझा राग एवढ्यावर आहे की आपण दोघांना एकाच स्लाइडवर बसवतो. कपडे काळे दिसले की आपली परीक्षा संपते, हातातला गेज आपल्याला दिसतच नाही.

एक आक्षेप मला खरंच विचारात पाडतो. १९९८ चं इंजिन भारत स्टेजच्याही आधीचं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आहेत. मग जुनं बांधत बसण्यापेक्षा भंगारात का नको? सरकारचं स्क्रॅपेजचं धोरण २०२१ मध्ये आलं, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या ट्रकच्या फिटनेसचं शुल्कही कितीतरी पटींनी वाढलं. हे रोख बरोबर आहेत. कितीही नीट बांधलं तरी ६९७ काही बीएस-६ होत नाही, आणि एक दिवस तो ट्रक जाईल, जायलाच हवा. पण एका गाडीवर घर चालवणारा माणूस तोपर्यंत गाडी चालवणारच आहे. त्याच्यापुढे नवं की जुनं असा प्रश्न नसतोच. झिजलेलं, ऑइल जाळणारं इंजिन की मापात बसलेलं, एवढाच असतो.

आता आपल्या घरची गोष्ट. आयसी इंजिनच्या लॅबमध्ये लाल-निळा रंग दिलेलं कट-सेक्शन मॉडेल आहे. हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली होतात आणि सबमिशन होतं. वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली एक सहा सिलिंडरचं खरं इंजिन पडून आहे, आपल्यातल्या निम्म्यांनी त्यावर बसून चहा प्यायलाय. ते दुसऱ्या वर्षाला द्या. सहा बॅच, प्रत्येकीला एक सिलिंडर. खोला, मोजा, लिहा, रिंगा टाकायच्या की लायनर ते ठरवा आणि व्हायव्हाला ते पटवून द्या. सहा सिलिंडर कधीच सारखे झिजत नाहीत, त्यामुळे रीडिंग कॉपी करायची सोयच नाही.

आणि शिकवायला एखादा मिस्त्री बोलवा, मानधन देऊन. पदवी नसलेल्याला मानधन कुठल्या हेडखाली द्यायचं, असा प्रश्न ऑफिसमधून येणार हे मला ठाऊक आहे. पण यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणताना पदवीची अट सैल केलीच आहे. तेवढ्या मोठ्या खुर्चीची गरजही नाही, आठवड्याच्या दोन दुपारी पुरतील. बोअर गेज आणि मायक्रोमीटर मेट्रॉलॉजी लॅबच्या काचेच्या कपाटात आहेत, चांगले आहेत, मी बघून आले. ताडपत्री आम्ही काढतो. कपाटाची किल्ली तेवढी स्टाफकडे आहे.