पिशवी गेली, दुखणे राहिले



२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. खाजगी दवाखान्यांच्या धंद्यावर तेव्हा बरेच लिहिले गेले, ते आवश्यकच होते. पण पिशवी काढल्यानंतर त्या बाईकडे कोण बघते, याबद्दल आपल्या चळवळीतही फारसे बोलणे झालेले नाही.

मी ज्या गावांत काम करते तिथल्या एका बाईचे उदाहरण देते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय चौतीस. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढली, बीजकोशही गेले. त्यामुळे ऐन तारुण्यात अंगातून वाफा, कंबरदुखी, झोप नाही. आता साखरही वाढली आहे. नवरा पितो, मारतो. मुकादमाची उचल फिटलेली नाही. थोरली मुलगी चौदा वर्षांची, तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे म्हणून तिच्या लग्नाची बोलणी चालू. केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळतात आणि बाई जाते सहा महिन्यांसाठी कारखान्यावर. तिथे दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. नवराबायको मिळून एक कोयता. तिने बसायचे म्हणजे दोघांचे काम बसते.

डॉक्टरांना साखर दिसते, सिस्टरना रक्त कमी दिसते, माझ्यासारखीला घरातली मारहाण दिसते. मुलीचे लग्न तर कोणाच्याच रजिस्टरात बसत नाही. सगळे एकत्र ठाऊक असते ते आशाताईला, आणि तिला कोणी विचारत नाही.

या सर्वांनी एका जागी बसून एकाच बाईचा विचार करायचा, यात नवे काही नाही. बीडला लागूनच असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केले. गावातली बाई, बरेचदा दलित, बरेचदा निरक्षर, ही आरोग्य कार्यकर्ती. ती दर आठवड्याला केंद्रावर येई, शिके, आणि आपल्या गावाची माहिती सांगे. दवाखान्याचे फिरते पथक तिच्या गावी जाई. गोळी, विहीर, जात, नवऱ्याची दारू, सगळ्यांची चर्चा एकाच बैठकीत होई. सरकारने २००५ नंतर आशा नेमल्या, २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. माणसे आली, बैठक मात्र आली नाही. बैठका होतात त्या आकड्यांच्या, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ठरलेल्या पदांत समाजसेविकेला जागाच नाही.

'पथक' या शब्दाने आपल्यापैकी काहींच्या पोटात गोळा येईल. आणीबाणीतली नसबंदीची पथके आपल्या मोठ्या मैत्रिणींनी पाहिली आहेत. म्हणून दोन गोष्टींबाबत मी हट्ट धरणार. पहिली, बाईची चर्चा तिच्या संमतीनेच व्हावी आणि शक्य तिथे ती स्वतः हजर असावी. मारहाणीची नोंद गावभर होता कामा नये, मुकादमाच्या कानावर तर नाहीच. दुसरी, हा सारा भार पुन्हा आशाताईच्या डोक्यावर नको. तिला आजही पगार नाही, मोबदला मिळतो. जून २०२१ मध्ये, करोनाच्या ऐन धामधुमीत, महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले होते. बैठकीला तिला बोलवायचे तर त्या दिवसाचे पैसे द्या. (एवढे साधे सांगायला संपादकीय लिहावे लागते!)

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी आपापल्या भागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. निघणाऱ्या बायांसाठी आशा, सिस्टर, डॉक्टर आणि संघटनेची एक कार्यकर्ती अशी एक बैठक मागा. प्रत्येकीला सहा महिन्यांच्या गोळ्या, आजाराची माहिती लिहिलेला कागद आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता मिळायला हवा. मागे राहणाऱ्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी त्याच बैठकीत करा. कुठे जमले, कुठे दारातूनच परत पाठवले, ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात तुमची पत्रे छापू.