सशाच्या मानेवर तो थेंब टाकू नका

मालवण, देवबाग, वायरी, आचरा, वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी, सिंधुदुर्गात कुठेही ज्यांच्या पडवीत, मांगरात किंवा अंगणातल्या पिंजऱ्यात आज एखादा ससा आहे, त्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. ससा सारखा खाजवतो आहे, अंगावर कोंडा दिसतो आहे, कानांत खपल्या धरल्या आहेत आणि कुत्र्यासाठी आणलेले गोचीड-पिसवांचे औषध घरात शिल्लक आहे, अशी स्थिती असेल तर ते औषध बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा. त्या नळीत फिप्रोनिल असेल तर कुत्र्याला बरे करणारा तोच थेंब सशाचा जीव घेऊ शकतो.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. मे संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, चाकरमानी मुंबईला परततात, न्याहारी-निवासांतली वर्दळ ओसरते. मुलांच्या हट्टाखातर किंवा पाहुण्यांच्या करमणुकीसाठी आणलेला ससा अशा वेळी मागे राहू शकतो. कुणी तो शेजाऱ्याच्या गळ्यात घालतो, कुणी ‘रानात जगेल’ म्हणून माडांच्या बागेत सोडतो. तो रानात जगत नाही. पाळीव ससा मूळ युरोपातल्या जातीचा. त्याला इथले कुत्रे, मुंगूस, घार माहीत नाहीत आणि मृगाचा पाऊसही सोसत नाही. जनावर उपासमारीने तडफडेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मग एखाद्या पाणंदीत, गडग्याच्या आडोशाला भिजून बसलेला पांढरा ससा कुणाला तरी दिसतो आणि तो माणूस त्याला उचलून घरी आणतो. त्या माणसाचे मन मोठे आहे. पण पुढचे दोन दिवस सशाला सर्वांत धोक्याचे असतात, कारण घरात प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. ‘कुत्र्याचा औषध आसा मां, ताच वायच लाय, काय होताला?’

काय होते ते सांगतो. फिप्रोनिल किड्याच्या मज्जासंस्थेला आवर घालणारा संदेश अडवते. मज्जातंतू थांबतच नाहीत आणि किडा मरतो. कुत्र्या-मांजरांना ठरलेल्या मात्रेत ते सोसते, सशाला सोसत नाही. ससा आधी खाणे सोडतो, कोपऱ्यात मुटकुळे करून बसतो, मग त्याला झटके येतात. कधी हे काही तासांत घडते, कधी बऱ्याच दिवसांनी, आणि तोवर घरच्यांना त्या थेंबाची आठवणही राहिलेली नसते. ‘बरा होत होता, अचानक गेला’ असे मग म्हटले जाते. फिप्रोनिलच्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘सशांवर वापरू नये’ अशी सूचना असते, पण ते बारीक अक्षर कुणी वाचत नाही. भाताच्या खोडकिड्यासाठी शेतात टाकतात त्या काही दाणेदार औषधांतही हेच रसायन आहे.

फिप्रोनिल नसले तरी हात आवरा. गुरांवर फवारायचे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, कुत्र्याला धुवायचे अमिट्राझ, पिसवांचे पट्टे, ढेकणाची पावडर, यांतले काहीही सशाला नको. अमिट्राझने आतडी मंदावतात, आणि सशाची आतडी मंदावणे म्हणजे काय ते पुढे येईलच. घरगुती उपायही तितकेच जपून. करंजेल, उंडीचे तेल, खोबरेलात कापूर, तंबाखूचे पाणी, रॉकेल, फिनाईल, डांबराच्या गोळ्या हे सगळे आपल्याकडे वापरात आहे आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ससा दिवसातला मोठा वेळ स्वतःला चाटून साफ करण्यात घालवतो. जे अंगावर लावाल ते तासाभरात त्याच्या पोटात गेलेले असते, आणि सशाला उलटी करता येत नाही. गेले ते गेले.

आंघोळही घालू नका. सशाची कातडी पातळ असते, दाट लव आतपर्यंत भिजते आणि लवकर वाळत नाही. त्यात तो भेदरतो, आणि धडपडताना मागच्या पायांनी इतक्या जोराने झटका देतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. त्याला कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंग आपल्या पोटाशी टेकवलेले, असेच उचला.

आता त्याच्या अंगावर नेमके काय आहे ते पाहू. औषध डॉक्टरच ठरवतील, पण तुम्ही नीट पाहिलेत तर त्यांचे काम सोपे होते. मानेमागे आणि पाठीवर जाड पांढरा कोंडा असेल, तर काळ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर तो थोडा झटकून निरखा. कोंड्याचे कण हलताना दिसले तर ती केसांत राहणारी, शेलेटिएला नावाची माइट, म्हणजे अगदी बारीक कीड, आहे. कानाच्या आत तपकिरी खपल्यांचे थरावर थर साचले असतील, ससा डोके हलवत असेल, एक कान पाडून बसत असेल, तर ती कानातली सोरोप्टीस माइट. नाक, ओठ, कानांच्या कडा आणि पंजे यांवर करड्या कठीण पापुद्र्यांची खरूज दिसत असेल, तर ती कातडीत बोगदे करणारी माइट. कानातल्या खपल्या काढायचा मोह अनेकांना होतो. कृपया काढू नका. त्यांखाली कातडी कच्ची असते आणि वेदना असह्य होतात. योग्य इंजेक्शन मिळाले की त्या साधारण दहा दिवसांत आपोआप सुटून पडतात.

यावरचे औषध आपल्या जिल्ह्यात मिळण्यासारखे आहे, ही दिलाशाची गोष्ट. आयव्हरमेक्टिन गुरांसाठी सर्रास वापरले जाते. जपानच्या किनाऱ्यावरच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते आले, आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. सशावर ते चांगले चालते. पण हिशेब बघा. गुरांच्या इंजेक्शनात १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते आणि गाईला ५० किलो वजनामागे १ मिली देतात. त्याच प्रमाणात २ किलोच्या सशाला ०.०४ मिली होते. हा एक पुरता थेंबही नाही. डॉक्टरांनी दुप्पट मात्रा ठरवली तरी ती ०.०८ मिलीवर थांबते. गुरांच्या सिरिंजने अंदाजे ‘थोडेसे’ टोचले तर ते दहा-वीस पट होऊन बसते. म्हणून हे इंजेक्शन घरी नको, गोठ्यात गुरे टोचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनही नको. सेलामेक्टिन नावाचे मानेवर टाकायचे औषध डॉक्टर सशाला देऊ शकतात, पण वजन पाहून आणि खोक्यावरचे नाव वाचूनच. फिप्रोनिलची आणि ही, दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच असतात. आत काय आहे त्यावर सशाचे जगणे-मरणे ठरते.

म्हणून दवाखान्यात निघण्याआधी वजन करा. ससा टोपलीत ठेवून किराणा दुकानाच्या काट्यावर घ्या, मग रिकाम्या टोपलीचे वजन वजा करा आणि आकडा ग्रॅममध्ये लिहून ठेवा. आधी काही लावले असेल तर त्याचे खोके बरोबर न्या आणि संकोच न करता सांगा. डॉक्टर तुमच्यावर रागावायला बसलेले नाहीत, त्यांना विषाचे नाव हवे असते. चुकून फिप्रोनिल लावून थोडाच वेळ झाला असेल तर तेवढ्याच जागेचे केस कातरा, भांड्यांच्या सौम्य साबणाने व कोमट पाण्याने तेवढीच जागा धुवा, लगेच कोरडी करा, त्याला चाटू देऊ नका आणि थेट दवाखाना गाठा. झटके येण्याची वाट पाहू नका.

नेताना सकाळचा गारवा पकडा. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता सोडतो आणि आपला दमट उकाडा त्याच्या जिवावर येतो. हवेशीर टोपली घ्या, कापडात गुंडाळलेली बर्फगार पाण्याची बाटली शेजारी ठेवा, आणि चारा बरोबर असू द्या. माणसाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात म्हणून सशालाही उपाशी नेणारे असतात. ते करू नका. सशाच्या आतड्यांत सतत चारा फिरत राहिला पाहिजे. बारा तास त्याने काहीच खाल्ले नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर कोंडा-खरूज विसरा. तोच खरा तातडीचा आजार आहे.

आणखी एक तातडी पावसाळ्यातली आहे. जुलाबाने मागचा भाग ओला राहिलेल्या, किंवा जखम असलेल्या सशावर माश्या अंडी घालतात. उबेत ती दिवसभरात फुटतात आणि आळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. रोज संध्याकाळी शेपटीखाली बोट फिरवून पाहा. आळ्या दिसल्या तर गुरांच्या जखमेत ओततो तसे टर्पेंटाइन किंवा फिनाईल ओतू नका. दिसतात तेवढ्या चिमट्याने उचला, ससा कोरडा आणि उबदार ठेवा आणि त्याच तासाला निघा. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणण्याएवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

गोचिडाबद्दल या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावातून माकडतापाची बातमी आली, नंतर बांदा परिसरातही रुग्ण आढळले, आणि एवढासा जीव माणसाचे काय करू शकतो ते आपण पाहिले. घरच्या सशामुळे माकडताप येतो असे मी म्हणत नाही. पण जंगलाकडेला सापडलेल्या कुठल्याही जनावरावरचा गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नका. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला, चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. गोचीड चावल्यानंतर ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आवर्जून सांगा. सशाच्या कोंड्यामुळे तुमच्या हातावर, पोटावर बारीक खाज उठली असेल तर घाबरून त्याला पुन्हा पाणंदीत सोडू नका. ससा बरा झाला की ती खाज सहसा आपोआप जाते. कमी झाली नाही तर आपल्या डॉक्टरांना दाखवा.

इथे एक गोष्ट तपासून घ्या. काजूच्या बागेत सापडलेले तपकिरी, मानेवर काळा पट्टा असलेले पिल्लू हा रानससा आहे. त्याची आई दिवसा पिल्लांपासून दूर राहते, पिल्लू पोरके नसते. त्याला हात लावू नका. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळीव सशासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक आहे.

कृषी सेवा केंद्रांच्या आणि औषध दुकानांच्या मालकांना माझे हात जोडून सांगणे आहे की पिसवा-गोचिडाचे औषध देताना ‘कुठल्या जनावरासाठी?’ एवढे विचारा. उत्तर ‘ससा’ आले तर देऊ नका, दवाखान्याचा रस्ता दाखवा. तुमच्या त्या एका प्रश्नाने ससा वाचेल. आणि पशुवैद्यांनो, गाई-म्हशींच्या गर्दीत ससा क्वचितच येत असेल, पण ‘ससे आम्ही बघत नाही’ म्हणून परत पाठवू नका. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या तुमच्या शिक्षकांना किंवा जोडीदारांना एक फोन केलात तरी त्या घराचा धीर टिकेल.

इंजेक्शनने अर्धेच काम होते. ससा बरा होऊन पुन्हा खाजवू लागला तर बहुधा बिछान्याकडे दुर्लक्ष झालेले असते. या माइट अंगाबाहेरही बरेच दिवस तग धरतात. जुना पेंढा जाळून टाका, लाकडी पिंजऱ्याच्या फटींत कढत पाणी ओता आणि पुरता वाळल्यावरच ससा आत ठेवा. पावसात ऊन मिळणार नाही, तेव्हा उपचार संपेपर्यंत पुठ्ठ्याचे खोके वापरून दर काही दिवसांनी बदलणे सोपे पडते. चवथीआधी घरात झुरळ-वाळवीची फवारणी करणार असाल तर सशाला तेवढे दिवस दुसऱ्या घरी ठेवा.

माइट का वाढल्या तेही पाहा. निरोगी ससा स्वतःला चाटून बऱ्याच अंशी साफ ठेवतो. भात, चपाती आणि बिस्किटांवर वाढलेल्या सशाचे दात झिजत नाहीत. ते आयुष्यभर वाढतच असतात, मग तोंडात टोचू लागतात, ससा चाटणे सोडतो आणि कोंडा साचतो. दवाखान्यात दात तपासायला सांगा. घरी त्याला हरळी आणि रानगवत भरपूर द्या, पावसात कापलेले असेल तर पडवीत पसरून पाणी निथळू द्या.

इंजेक्शन अंड्यांना मारत नाही. अंड्यांतून निघालेल्या नव्या माइट मारण्यासाठी साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, कधी तिसरीही. खाज थांबली म्हणून पुष्कळ जण इथेच थांबतात आणि महिन्याभरात सगळे पुन्हा सुरू होते. पहिल्या इंजेक्शननंतर घरी आल्या आल्या डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा, आणि घरात दुसरा ससा असेल तर तो खाजवत नसला तरी त्यालाही त्याच दिवशी घेऊन जा.