कुंपणाचा खांब आणि व्यापाऱ्याची दृष्टी

वखारीतील मालाचा विमा उतरविणारा आणि रोजकीर्दीतील पैशाचाही फरक सहन न करणारा आपला व्यापारी बंधू वखारीभोवतीच्या जाळीच्या कुंपणाकडे मात्र ते कोसळेपर्यंत पाहत नाही. मग एके दिवशी ठेकेदारास बोलावून जुने सारे भंगारात आणि नवे सारे उभे, असा सौदा होतो. ही रीत खर्चाची आहे आणि अविचाराचीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाळीचे कुंपण खचते ते बहुधा जाळीमुळे नव्हे, खांबामुळे. तारेवरील जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करतो. खांब मात्र जमिनीतून जेथे वर येतो, तेथे ओल व हवा दोन्ही लाभून गंज धरतो. पायाच्या काँक्रीटचा माथा खोलगट राहिला की पावसाचे पाणी बुंध्याशी साचते; नळाच्या खांबाचे टोपण पडले की ते आतून उतरते. वरचा रंग शाबूत आणि बुंधा पोखरलेला, अशी स्थिती होते.

सर्व खांबांचे काम सारखे नसते. कोपऱ्याचे, टोकाचे व फाटकाचे खांब जाळीचा ताण सोसतात. मधले खांब तिला केवळ उभी धरतात. मधला खांब गेला तर बांधतारा सोडून, जाळी थोडी बाजूस सारून, जुना पाया उकरावा आणि नवा खांब ओळंब्यात उभा करावा. कोपऱ्याचा खांब कलला असेल तर मात्र आधी ताण उतरविला पाहिजे. त्यासाठीही जाळी कापावी लागत नाही. वरखालची टोके उकलून एकच तार फिरवीत काढली की जाळी दुभंगते, आणि तशीच तार पुन्हा गुंफली की ती एकजीव होते.

पायाविषयी काटकसर करू नये. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया उचलून टाकते. तेथे खड्डा अधिक खोल व तळाशी रुंद हवा. काँक्रीटचा माथा सर्वत्र उतरता हवा. काँक्रीट निदान 7 दिवस ओले ठेवावे. त्याचे अपेक्षित बळ 28 दिवसांनी धरतात. दुसऱ्याच दिवशी जाळी ताणून बिल पुढे करणाऱ्यास थांबविणे हे मालकाचेच काम होय.

मजुरी महाग झाल्याने एकेक खांब बदलणे परवडत नाही, असे काही बंधू म्हणतात. जाळीच तांबूस होऊन तुटू लागली असेल, किंवा बहुतेक खांब निकामी असतील, तर त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु 40 खांबांपैकी 5 कुजले म्हणून उरलेले 35 मोडीत काढणे हा कोणता हिशेब?

येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. चोरी झाली की पहिला ठपका राखणदारावर येतो. आणि कललेला खांब कित्येक महिने दाखवीत आलेला बहुधा तोच असतो. त्याचे ऐकले नाही, तर दोष त्याच्या पदरी टाकण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. सामाईक हद्दीवर तर एका खांबापायी पिढ्यांचा शेजार तुटतो.

म्हणून आमची सूचना एवढीच: दरवर्षी पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या हिशेबापूर्वी, राखणदारास बरोबर घेऊन प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा. जो डळमळेल त्यास चुन्याची खूण करावी आणि त्याचा खर्च त्याच वर्षाच्या खात्यात मांडावा. सामाईक हद्दीवर शेजाऱ्यासही बोलवावे आणि खर्च निम्मा वाटून घ्यावा. ज्याने मालाची मोजदाद केली, त्याने तो माल राखणाऱ्या खांबांचीही करावी.